जव्हार-मोखाड्याचा उन्हाळा आणि तिथली चूल

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला आपल्यापैकी बरीच मंडळी कधी ना कधी जाऊन आलेली असतात. कुशावर्तावर स्नान झाले, दर्शन झाले की परतीची एस. टी. धरायची, असा आपला शिरस्ता. एखाद्या खेपेला तेवढ्यावर थांबू नका. तीच सडक त्र्यंबकेश्वर सोडून पश्चिमेला जाते, तोरंगणचा घाट उतरते आणि मोखाड्यावरून जव्हारला पोचते. अंतर म्हणाल तर पन्नास किलोमीटरच्या आसपास. आणि जायचे तर चैत्र-वैशाखात जा. पावसाळ्यात हा मुलूख हिरवागार असतो, कडेकपारीतून पाणी कोसळत असते आणि शहरची माणसे मोटारी भरभरून तिकडे येतात. पण एखाद्या मुलखातली माणसे कशी राहतात, काय रांधतात हे पाहायचे, तर तो उन्हाळ्यात पाहावा. शेतकऱ्याच्या घराला हे वेगळे सांगायला नको.

जव्हार हे दीड हजार फुटांच्या आसपास उंचीवरचे टुमदार गाव. महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचे संस्थान इथे चौदाव्या शतकापासून नांदले, ते १९४८ साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आहेत. जयविलास राजवाडा, दाभोसाचा धबधबा, सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जिथे पडला असे सांगतात ते शिरपामाळ, हे सारे तुम्ही पाहालच. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला तुम्हाला न्यायचे आहे ते गावाबाहेरच्या पाड्यांवर. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा कुटुंबांच्या चुलीपाशी.

घर बाहेरून पाहा. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला शेणामातीचा लेप, वर कौले किंवा आता पत्रे. आत शिरलात की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला क्षणभर लागतो, पण उन्हाची तलखी उंबऱ्याबाहेरच राहते. पत्र्याच्या घरात मात्र हे सुख नाही. पक्के घर मिळाले म्हणून आनंद झालेली बाई वैशाखातल्या दुपारी पोरांना घेऊन जुन्या कुडाच्या पडवीतच बसलेली दिसते. एका कोपऱ्यात कणगी, तिला शेणाने सारवलेले. दुसरीकडे मातीची चूल, वर धुराने काळे झालेले शिंके. चुलीजवळ दोन-तीन मडकी आणि दाराशी हंडे. हे हंडे नीट पाहून ठेवा, कारण त्या घरात काय शिजणार हे वैशाखात त्या हंड्यांवर ठरते.

इथे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे नगर-सोलापुराकडच्या माणसाला हा आकडा ऐकूनच धाप लागेल! पण जमीन डोंगरउताराची, खाली काळा कातळ, माती वीतभर. पडलेले पाणी ओढ्यांवाटे वाघ, पिंजाळ, वैतरणा अशा नद्यांना मिळते आणि निघून जाते. फाल्गुन संपता संपता पाड्याजवळची विहीर तळाला लागते. मग बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा खणून त्यात पाझरणारे पाणी वाटीवाटीने भरतात, किंवा दरी उतरून खालच्या विहिरीवर जातात. काही पाड्यांवर टँकर येतो आणि विहिरीत ओतून जातो. याच मोखाड्याच्या हद्दीवर वैतरणा नदीवर शंभर मीटरहून उंच असे मध्य वैतरणा धरण उभे आहे, आणि २०१४ पासून ते मुंबईला रोज सुमारे साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी देते. मुंबईकरांनी पाणी पिऊ नये असे कोण म्हणेल? पण धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या बाईने डोक्यावर दोन हंडे घेऊन तासभर चढ चढावा, हे काही मनाला पटत नाही.

थोडा हिशेब करा. एक हंडा बारा ते पंधरा लिटरचा धरला, आणि सकाळी दोन खेपांत चार हंडे आले, तर झाले पन्नास-साठ लिटर. घरात सहा माणसे, शिवाय दोन बैल नाहीतर चार शेळ्या. सरकारी जलजीवन योजनेच्या हिशेबाने खेड्यातल्या माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी मिळायला हवे. म्हणजे जे एका माणसाचे, त्यात इथे सारे घर भागते. काही पाड्यांवर नळही आले. पण ज्या झऱ्यावर नळ अवलंबून, तोच आटला तर तोटीचे काय करायचे!

आता गंमत पाहा, म्हणजे गंमत तरी कशी म्हणावी. या पाण्यावरून इथल्या उन्हाळी स्वयंपाकाची सगळी रीत समजते. भात करायचा तर तांदूळ धुवायला पाणी, शिजवायला पाणी, पेज काढायची तर आणखी पाणी. म्हणून वैशाखात दुपारी भाताऐवजी भाकरी होते. भाकरीला उकळीचे पाणी तांब्याभर पुरते, आणि परात पिठाचा हात फिरवला की स्वच्छ. डाळ शिजायला पाणी लागते, सरपणही लागते, म्हणून रोज डाळ नाही. सालीसकट भाजून भरडलेल्या उडदाची आमटी एखाद्या संध्याकाळी. भाकरीबरोबर चटणी किंवा विस्तवावर भाजलेला सुका बोंबील. ताटे-वाट्या राखेने घासायच्या, वरून ओंजळभर पाणी फिरवायचे. ते पाणीही वाया नाही, दारच्या मिरचीच्या रोपाला किंवा दुधीच्या वेलाला जाते. आणि पेज किंवा आंबील केली तर ती पोटही भरते आणि तहानही भागवते, त्यातला एक थेंब ओतून द्यावा लागत नाही. शहरातल्या आहारशास्त्राच्या पुस्तकांत पाणी वाचवणारा स्वयंपाक म्हणून वेगळे प्रकरण असते की नाही कोण जाणे. इथे प्रत्येक सुनेला ते सासूकडून पाठ झालेले असते.

ही आंबील आपल्या घरी करून पाहण्याजोगी आहे, म्हणून तिची रीत सांगतो. नागली म्हणजे आपली नाचणीच. वाटीभर नागलीचे पीठ दोन वाट्या पाण्यात, ताक असेल तर थोडे ताक घालून, गुठळी न ठेवता कालवावे आणि मातीच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवावे. उन्हाळ्यात एका रात्रीत छान आंबते. सकाळी चार-पाच वाट्या पाण्याला आधण आणून त्यात मूठभर तांदळाच्या कण्या शिजवून घ्याव्यात. कण्या मऊ झाल्या की आंबवलेले पीठ बारीक धारेने सोडीत डावाने सारखे ढवळावे. मीठ घालावे. रंग गडद होऊन वर चकाकी आली की पीठ शिजले असे समजावे. ही निवू द्यायची आणि मग प्यायची. तोंडी लावायला कांदा आणि खुरासणीची चटणी. खुरासणीला काही ठिकाणी कारळे म्हणतात. ती मंद विस्तवावर तडतडेपर्यंत भाजायची, सुकी मिरची, लसूण आणि मीठ घालून कुटायची. तेल सुटून चटणी आपोआप ओलसर होते. रानात कामाला निघताना भोपळ्याच्या तुंब्यात किंवा हल्ली प्लॅस्टिकच्या बाटलीत आंबील भरून नेतात. दोन प्रहरपर्यंत मग माणसाला भुकेची आठवण होत नाही.

नागलीबद्दल आणखी थोडे सांगायलाच हवे. वरकस उतारावर नागली, वरई, मग खुरासणी, उडीद अशी आलटून पालटून पिके घेण्याची इथली जुनी पद्धत. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक चुना म्हणजे कॅल्शियम असतो. सडलेल्या तांदळात तो दहाच्या आसपास. शिवाय नागलीला कीड सहसा लागत नाही, कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. बाळंतिणीला, दूध तुटलेल्या पोराला, म्हाताऱ्याला नागलीच द्यायची, हे शास्त्र कळण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. पण नागलीची लावणी कष्टाची, मळणी कष्टाची, आणि वरईचे तर विचारूच नका. तिचा दाणा एवढा बारीक की उखळात कांडून कोंडा वेगळा करता करता बाईचे खांदे भरून येतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाचे महिना ३५ किलो धान्य हक्काचे झाले, त्याने पोटाला मोठा आधार झाला हे खरेच. मात्र ते धान्य तांदूळ आणि गहू. घरात तांदूळ येतो म्हटल्यावर उतारावरची नागली लावायला कोण जाईल? कणगी लहान होत गेली. २०२३ साल हे सगळ्या जगात भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, शहरांत नाचणीची बिस्किटे निघाली. ज्यांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या शिजली त्यांच्या कणगीत ती किती उरली आहे, हे विचारायला मात्र थोडेच लोक इकडे आले.

आता चुलीपासून बाहेर या, अंगणात. आपल्याकडे घाटावर चैत्र-वैशाखात बायका एकमेकींच्या घरी जमून कुरडया, पापड, सांडगे घालतात, गाणी-गप्पा होतात, पोरे ओल्या चिकाच्या वाट्या चाटतात. इथेही अंगणात वाळवण असते, पण पसरलेल्या जिनसा पाहिल्यात तर फरक ध्यानात येईल. एका बाजूला मोहाची फुले, दुसऱ्या बाजूला कैरीच्या फोडी, सुपात भोकरे, दोरीवर लटकवलेले बोंबील, आणि जमले तर नागलीचे पापड. आपल्या वाळवणात थोडी हौस असते. सणाला तळायला, पाहुण्यांना वाढायला. इथले वाळवण आषाढ-श्रावणासाठी असते. तेव्हा जुने धान्य संपत आलेले, नवे अजून शेतात, पावसाने ओढे भरल्यामुळे बाजार तुटलेला आणि सरपण ओले. ते दोन-अडीच महिने निभावण्याची तयारी या उन्हात होते.

मोहाचे आधी सांगतो. फाल्गुनापासून चैत्राच्या शेवटापर्यंत मोहाची फुले पहाटे गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो. तांबडे फुटायच्या आत बायका-पोरे पाट्या घेऊन झाडाखाली हजर. उशीर झाला की गुरे खातात, नाहीतर ऊन चढून फुले चिकट होतात. ही फुले गोड आणि मांसल. वाळल्यावर निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच. मोह म्हटले की आपल्याला दारूच आठवते, त्याला इलाज नाही. दारूबंदीच्या कायद्यामुळे ती साठवायलाही लोक पूर्वी बिचकत असत. २०२१ साली राज्य सरकारने मोहफुले गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठवले. पण घरात त्याचे अन्नच होते. वाळलेल्या फुलांतले केसर चोळून काढायचे, फुले कोरडी भाजायची, भाजलेल्या तिळाबरोबर किंवा खुरासणीबरोबर उखळात कुटायची आणि लाडू वळायचे. किंवा फुले थोड्या पाण्यात शिजवून त्याच पाण्यात नागलीचे पीठ मळायचे. ती भाकरी गूळ न घालता गोड लागते, आणि पोरे तिच्यावर कोरड्यास मागत नाहीत. पुढे ज्येष्ठाच्या तोंडावर मोहाला फळे धरतात. त्यांच्या गराची भाजी करतात आणि बियांचे तेल काढतात. एका झाडाने फुले, फळे, तेल, पाने आणि सावली द्यावी, मग घराच्या वाटणीत मोहाची झाडेही भावाभावांत वाटली जातात यात नवल काय!

कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून वाळवल्या की आंबोशी. पावसात भाजीला आंबट हवे तेव्हा चिंचेच्या जागी हीच. भोकरे मिठात घालतात. मासळीसाठी माणसे आठवड्याच्या बाजाराला जातात. डहाणू, सातपाटीकडची सुकी मासळी या बाजारांत येते: बोंबील, जवळा, करंदी, बांगडा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यात या मासळीला गर्दी. ज्याच्या हाती चार पैसे आहेत तो मडकेभर घेतो, नसेल तो वाटा घेतो. मूठभर जवळा, दोन कैऱ्या आणि मिरची घातली की सहा माणसांच्या भाकरीला कालवण होते. मांसाहार न करणाऱ्या वाचकांनी नाक मुरडू नये. भर पावसात भाजी नाही, दूध नाही, डाळ महाग, अशा वेळी पोराच्या पोटात जे काही पौष्टिक जाते ते या मुठीतूनच.

पौष्टिक हा शब्द मी सहज वापरलेला नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने लहान मुले दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राला जव्हार हे नाव त्या बातमीने माहीत झाले. राजवाड्याने नव्हे, धबधब्यानेही नव्हे. त्यानंतर दवाखाने आले, अंगणवाड्या वाढल्या, २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाच्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण ताजे जेवण मिळू लागले. ते चांगलेच झाले. तरी २०१६ साली मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. बाहेरची माणसे येतात आणि विचारतात, या लोकांना खायला काय द्यायचे ते कळत नाही का? वर सांगितलेले अंगण ज्याने पाहिले तो असे विचारणार नाही. काय द्यायचे ते पुरते कळते. प्रश्न असा आहे की मोह वेचायच्या, आंबोशी वाळवायच्या, नागली दळायच्या दिवसांत ती बाई घरी असते का.

पुष्कळदा नसते. दिवाळी झाली, भात झोडून झाले की मुकादम पाड्यावर येतो, उचल देतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात. होळीला चार दिवस येतात, कारण होळी ही इथली दिवाळी. पुन्हा जातात ते मे महिन्याच्या अखेरीस परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. कित्येक पाड्यांवर चैत्रात गेलात तर दहापैकी चार-पाच दारांना कडी दिसेल. भट्टीवर चूल तीन विटांची, वर रेशनचा तांदूळ आणि बाजारचा बटाटा. तिकडे मोहाची फुले गळून जातात, कैऱ्या पिकून पडतात. उचल फिटून हाती जे उरते ते घेऊन माणसे रोहिणीच्या तोंडावर घरी येतात, ते पैसे बियाण्याला आणि कौलांना जातात, आणि आषाढ लागतो तेव्हा मडकी रिकामी. पैसा आला, पण तो अंगणात वाळत घालता येत नाही. ही गोष्ट योजनांच्या कागदावर सहसा लिहिलेली नसते, म्हणून इथे लिहितो आहे.

ज्यांना घरी राहता येते त्यांचे काय वेगळे होते, तेही पाहा. जव्हार, मोखाडा आणि शेजारच्या विक्रमगड तालुक्यात गेल्या काही वर्षांत कित्येक कुटुंबांनी मोगरा लावला आहे. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने या भागात आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या, त्याबरोबर मोगराही आला. मोगऱ्याचा हंगाम ऐन उन्हाळ्यात. पहाटे उजाडायच्या आत घरची सगळी माणसे कळ्या खुडायला उतरतात, कळी उमलायच्या आत खुडली पाहिजे. मग पिशव्या बांधून पहिल्या गाडीने माल दादरच्या फुलबाजाराकडे. नऊ वाजता काम संपलेले, आणि बाई घरी! मग मोह वेचता येतो, पापड घालता येतात, पोराला वेळेवर भाकरी मिळते. झाडाला पाणी मात्र लागते. ठिबकने थोडे लागते, पण लागते. म्हणजे गाडे पुन्हा त्या हंड्यापाशीच येते. पाड्याजवळ शेततळे किंवा झऱ्यावर बंधारा झाला, तर त्याने फक्त रोपे जगतात असे नाही, चूलही जागेवर राहते.

पुरुषमाणसे या दिवसांत राब भाजण्याच्या नादात असतात. कोकणपट्टीच्या वाचकांना हे ठाऊक आहे, घाटावरच्यांसाठी सांगतो. भाताचे आणि नागलीचे रोप जिथे टाकायचे त्या तुकड्यावर शेण, झाडांची डहाळी, वाळला पाला, गवत असे थर देऊन वर बारीक माती पसरतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवतात. तण आणि किडे मरतात, राख खताला होते. यात झाडे ओरबाडली जातात अशी तक्रार आहे, ती खोटी नाही. रान विरळ झाले तशी डहाळीही लांबून आणावी लागते. राब पेटवला त्या दिवशी घरातल्या बाईचे अर्धे लक्ष चुलीकडे आणि अर्धे वाऱ्याकडे.

पोरांना शाळा सुटलेली असते. ती सारा दिवस रानात. करवंदे, तोरणे, अळू, जांभळे, पाडाला आलेले रायवळ आंबे. दुपारच्या जेवणाला ती घरी आली तर आई विचारते की आज काय झाले? तोरणे म्हणजे पांढरी मोत्यासारखी बोरे, फार गोड नाहीत, पण खाता खाता पाटी संपते. सडकेला वळणावर याच पोरी पळसाच्या पानांचे द्रोण करून करवंदे विकायला उभ्या असतात. तुमची गाडी थांबली तर भाव पाडू नका. काट्यांतून हात घालून वेचलेली काळी मैना आहे ती.

आणि रात्री? होळीनंतर पुढे वैशाखापर्यंत एकेका गावाचा बोहाडा असतो. रात्रभर संबळ आणि सनई, आणि देवादिकांचे, राक्षसांचे मोठमोठे मुखवटे घालून एकामागून एक सोंगे नाचत येतात. गणपती येतो, सरस्वती येते, नरसिंह येतो, रावण येतो. ज्या घराकडे ज्या सोंगाचा मान, ते घर पिढ्यान्‌पिढ्या ते चालवते. भट्टीवर गेलेला माणूसही गावच्या बोहाड्याला धडपडून येतोच. घरी पाहुणे, लेकी-जावई. त्या दिवशी मात्र पाण्याचा हिशेब कोणी करीत नाही, भात शिजतो, कोंबडे कापले जाते, आणि सासुरवाशीण लेक आईच्या चुलीपाशी बसून पहाटेपर्यंत बोलत राहते.

रोहिणी निघाल्या की हवा बदलते. ढग डोंगरावर टेकू लागतात, लोक कौले परततात, सरपण आत घेतात, बायका मडक्यांची तोंडे फडक्याने बांधून माळ्यावर ठेवतात. वळिवाची एखाददुसरी सर झाली की रानात शेवळे वर येतात. ती इथली पहिली ओली भाजी. महिनाभर चटणी-बोंबलावर काढलेल्या जिभेला तिची केवढी ओढ असते ते त्यांनाच विचारा. शेवळे म्हणजे सुरणाच्या कुळातल्या कंदाचा तपकिरी-जांभळा कोंब. तो खाजरा असतो, म्हणून नवख्याने घाई करू नये. वरचे आवरण उलगडून आतल्या दांड्याचा पिवळसर भाग काढून टाकायचा, बाकीचा बारीक चिरायचा, तेलात चांगला परतायचा आणि काकडे ठेचून त्यांचा आंबट रस त्यात घालायचा. काकड हे रानातले झाड, त्याची हिरवी आंबट फळे याच दिवसांत येतात. त्या आंबटाने शेवळाची खाज मरते. मग त्यात भिजवलेली डाळ घाला, नाहीतर जवळा घाला, आणि भरपूर लसूण. जव्हारच्या बाजारात मे अखेरीस किंवा जूनच्या आरंभी तुम्ही गेलात तर बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसतील. जुडी घ्याल तेव्हा बाईंकडे काकडेही मागून घ्या. बहुतेक जणी न मागताच मूठभर बरोबर देतात. आणि शेजारी कोणी नागली घेऊन बसली असेल तर पायलीभर तीही घ्या.